विनंत्यांची पेटी

वसईच्या हरित पट्ट्यातल्या एका धर्मग्रामात संत गोन्सालो गार्सियांचा नोव्हेना दर वर्षी जानेवारीच्या अखेरीला सुरू होतो. नऊ संध्याकाळी प्रार्थना आणि मिस्सा, मग सहा फेब्रुवारीला सण. तेव्हा भाताची कामं उरकलेली असतात, केळीच्या वाड्यांना पाणी चालू असतं आणि पावसाळ्यात भरलेल्या बावखलांत अजून बऱ्यापैकी पाणी असतं. एकेक संध्याकाळ एकेका आळीकडे दिलेली असते. त्या आळीनं वेदी सजवायची, गायन सांभाळायचं आणि मिस्सेनंतर सगळ्यांना चहा नि तळलेले फुगे द्यायचे. बायका घरची कामं लवकर आवरून येतात, रात्रपाळीची माणसं डबा घेऊनच देवळात येतात आणि तिथूनच स्टेशनकडे निघतात.

या नोव्हेनात लोकांचा जीव कशात गुंतलेला असतो, असं मला कोणी विचारलं तर मी दारातल्या पेटीकडे बोट दाखवीन. फणसाच्या लाकडाची जुनी पेटी, वर फट, पुढे लिहिलेलं ‘विनंत्या व आभार’. पोराची परीक्षा, लेकीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, जमिनीचा दावा, आखातातली नोकरी, दारू सुटावी, मूल व्हावं, असं सगळं घड्या घालून त्या फटीतून आत जातं. प्रार्थनेच्या वेळी त्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या जातात आणि प्रत्येकीनंतर सगळं देऊळ एका आवाजात प्रभूकडे मागणं मागतं. नाव वाचत नाहीत. पण गाव लहान, अक्षर सांगून जातं, आणि मिस्सेनंतर कोणीतरी हळूच जवळ येऊन विचारतंच, ‘ऑपरेशन कधी आहे? मी येऊ का सोबतीला?’

चिठ्ठ्या वाचायचं काम मास्तरांकडे होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, खणखणीत आवाजाचे, शब्द न् शब्द तोलून उच्चारणारे. मिस्सेच्या अर्धा तास आधी ते पेटी उघडत, चिठ्ठ्या लावून घेत, कोणाचं वाक्य अडखळत असेल तर सरळ करत, कोणी रागाच्या भरात शेजाऱ्याचा उद्धार केला असेल तर तेवढं गाळत. याबद्दल त्यांना कोणी कधी दोष दिला नाही. उलट चिठ्ठी मास्तरांच्या तोंडून ऐकली की आपलंच दुःख नीटनेटकं झाल्यासारखं लोकांना वाटे.

त्यांचा एक नियम होता. मराठी चिठ्ठ्याच वाचायच्या. दुसऱ्या भाषेतली चिठ्ठी आली तर ती आदरानं वेदीच्या पायाशी, पितळेच्या ताटात ठेवायची.

हा हट्ट क्षुद्र नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. मास्तरांच्या आईनं अर्ध्याहून अधिक आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकण्यात घालवलं होतं. घरात सामवेदी बोलणारी, कधी शाळेची पायरी न चढलेली ती बाई दर रविवारी न कळणाऱ्या प्रार्थनेपुढे गुडघे टेकत आली होती. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक मिळाली आणि वसईत मराठी मिस्सा सुरू झाली. त्या पहिल्या मिस्सेहून परतताना आई वाटभर रडत होती, हे मास्तरांनी तरुणपणी पाहिलं होतं. पुढे ते शिक्षक झाले, मराठीत भजनं लिहू लागले. २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंकडे गेलं, तेव्हा मास्तर आपल्या घरचं कार्य असल्यासारखे आळीभर पेढे वाटत फिरले. एवढ्या कष्टानं मिळालेली भाषा हातची जाऊ द्यायची नाही, ही त्यांची तळमळ खरी होती.

आणि धास्तीही खरी होती. आजूबाजूची बावखलं एकामागून एक बुजत होती. त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, इमारतींत माणसं आली. मंगळूरची, केरळची, तमिळनाडूची, आणि त्यांच्या घरी कामाला झारखंड-छत्तीसगडच्या आदिवासी मुली. त्यांतले कॅथलिक रविवारी देवळात येऊन मागच्या बाकांवर बसत. धर्मग्रामाच्या सभेत कोणीतरी सुचवलं, नोव्हेनाचा एखादा दिवस हिंदीत ठेवू या. मास्तर उभे राहिले. म्हणाले, ‘गोन्सालो या मातीतला. त्याच्या सणाला तरी आपली भाषा राहू दे. चिठ्ठ्यांची काळजी करू नका, संताला सगळ्या भाषा कळतात.’ त्यावर कोणापाशी उत्तर नव्हतं. फादरांनीही मान डोलावली.

त्या वर्षी पहिल्याच संध्याकाळी पेटीत एक चिठ्ठी निघाली. वहीचा फाडलेला कागद, बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत घडीवर घडी घातलेला. मास्तरांनी उलगडला. अक्षरं देवनागरी, पण भाषा हिंदीही नव्हे आणि मराठीही नव्हे. पहिली ओळ होती, ‘मोर बहिन कर कोनो खबर नखे.’ मास्तरांनी घडी पुन्हा घातली आणि चिठ्ठी ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तसाच कागद, तीच ओळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. एक माणूस एकच गोष्ट रोज मागतो, म्हणजे त्याची श्रद्धा कमी, असं त्यांच्या मनात आलं. चौथीही ताटात गेली. पाचवी उघडायचे कष्टही त्यांना पडले नाहीत, कारण ती घडी न घालताच टाकलेली होती.

मिस्सेनंतरचा पाव तास मास्तर मुलांना देत. देवळाच्या पायऱ्यांवर मुलं बसत आणि ते संतांचं चरित्र नऊ भागांत सांगत. ही त्यांची हातखंडा गोष्ट. १५५७ च्या सुमाराला वसईत जन्मलेला गोन्सालो, बाप पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यात येशूसंघीयांकडे शिकला, पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा अशी शिकला की लोक त्याचं बोलणं ऐकायला जमत. येशूसंघात त्याला घेतलं नाही. मग त्यानं व्यापार केला, त्यात जमही बसला, पण मन रमेना. शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला.

पाचव्या संध्याकाळी गोष्ट दरबारापर्यंत आली होती. मास्तरांचा हा सर्वांत आवडता भाग. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानला पाठवलं आणि सोबत दुभाषा म्हणून ब्रदर गोन्सालो गेला. समोर हिदेयोशी, सगळा जपान ज्याच्या मुठीत. फिलिपिन्सनं आपल्यापुढे मान तुकवावी, नाहीतर स्वारी करू, असा त्याचा निरोप. मास्तर ताठ उभे राहून हिदेयोशी होत, मग दोन पावलं सरकून पेद्रो होत, आणि मधल्या जागेकडे बोट दाखवत. ‘इथं आपला गोन्सालो. बघा हं. या बाजूची धमकी जशीच्या तशी त्या बाजूला सांगायची. त्या बाजूचा नकार जसाच्या तसा या बाजूला. स्वतःला आवडलं नाही म्हणून एक शब्द गाळला तर? बोलणाऱ्याचा विश्वासघात आणि ऐकणाऱ्याचाही. दुभाष्याच्या जागी उभा राहणारा माणूस निवड करत नाही.’

मुलं गप्प होऊन ऐकत होती. मास्तर खुशीत घरी गेले.

जेवताना त्यांची बायको म्हणाली, ‘अहो, ती पेटी जरा उलटी करून नीट झाडून बघा.’

‘का? काय झालं?’

‘नव्या बिल्डिंगमध्ये कामाला आहे ना, ती पोरगी. फुलं लावायला मदत करते मला. आज विचारत होती, आंटी, पेटी में कागज अटकता है क्या? म्हणे रोज टाकते, पण वाचतच नाहीत. बहुतेक आत कुठंतरी चिकटत असेल.’

मास्तरांनी घास खाली ठेवला. ‘पेटीला काही झालेलं नाही,’ ते म्हणाले.

त्या मुलीला राग आलेला नव्हता. तिचा संशय पेटीवर होता, माणसावर नव्हता. मास्तरांना हे फार लागलं. कोणी भांडायला आलं असतं तर त्यांच्याजवळ उत्तर होतं, आई होती, लॅटिन मिस्सा होती, संमेलन होतं. पेटी बिघडली असेल असं समजणाऱ्या पोरीला काय सांगायचं?

जेवण तसंच टाकून ते देवळात गेले. ताटातल्या पाच चिठ्ठ्या दिव्याखाली ओळीनं मांडल्या. पहिली अगदी बारीक घडीची. दुसरीच्या घड्या कमी. तिसरी नुसती चौघडी. चौथी एकदाच दुमडलेली. पाचवी सपाट, घडीच नाही. कागद फटीत अडकू नये म्हणून ती रोज एक घडी कमी करत आली होती. अक्षरही रोज मोठं होत गेलं होतं. पहिल्या दिवशी ओळी मुंगीसारख्या बारीक, पाचव्या दिवशी पहिलीच्या फळ्यावर गिरवावीत तशी टपोरी. वाचणाऱ्याला दिसत नसेल, असंही तिला वाटलं असावं. चूक शोधायची ती आपल्याच बाजूला, अशी सवय काही माणसांना लहानपणापासून लागते. गरिबाघरच्या मुलींना जास्तच लागते.

मास्तर वाचू लागले. सादरी बोली त्यांना येत नव्हती, पण अक्षर न् अक्षर लागत होतं, आणि मन लावून वाचलं तर अर्थही. बहिणीची काही खबर नाही. एजंट घेऊन आला होता. मग घराची खूण लिहिली होती. खिडकीतून समुद्र दिसतो. खाली मोठं मैदान, तिथं मुलं पांढरे कपडे घालून दिवसभर बॅट-बॉल खेळतात. आणि तिथं घोड्यावर बसलेला राजा आहे.

घोड्यावर बसलेला राजा. समुद्र, क्रिकेटचं मैदान आणि घोड्यावर राजा. शाळेच्या सहलीला मास्तरांनी कितीतरी वेळा मुलांना त्या पुतळ्यापुढे उभं करून इतिहास सांगितला होता. शिवाजी पार्क ओळखायला त्यांना भाषा यायची गरज नव्हती. चिठ्ठी पहिल्या दिवशी शेवटपर्यंत वाचली असती तरी पुरे होतं.

सकाळी नवराबायको दोघं त्या इमारतीत गेले. मुलगी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आली ती मास्तरांना पाहून घाबरलीच. आपण काही चुकीचं लिहिलं, असं तिला वाटलं. सिमडेगा जिल्ह्यातली, वय विशीच्या आत-बाहेर. धाकटी बहीण पंधरा वर्षांची. गावाजवळच्या एजंटानं मुंबईत चांगलं घर मिळवून देतो म्हणून नेली. मालकिणीच्या फोनवरून दोनदा बोलणं झालं, मग तो नंबर लागेनासा झाला. पोलिसांकडे जायची भीती, कारण एजंट घरच्यांना ओळखतो.

‘पण चिठ्ठीत खुणा कशाला लिहिल्यास?’ मास्तरांनी विचारलं.

ती म्हणाली, ‘पता नहीं देंगे तो संत ढूंढेंगे कैसे?’

सहाव्या संध्याकाळी विनंत्यांची वेळ झाली तेव्हा मास्तर एकटे माइकपाशी गेले नाहीत. मागच्या बाकावरून त्यांनी त्या मुलीला पुढे आणलं. तिनं मान वर न करता आपल्या बोलीत चिठ्ठी वाचली, जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात. बाकांवर चुळबूळ झाली. मास्तरांनी नियम मोडला, तोही स्वतःचा. मग त्यांनी तीच चिठ्ठी मराठीत सांगितली. काही सरळ केलं नाही, काही गाळलं नाही. एजंट म्हणाले, मैदान म्हणाले, घोड्यावरचा राजा म्हणाले.

लोकांचा प्रतिसाद पुरा व्हायच्या आत तिसऱ्या बाकावरून एक आवाज आला. लाल लुगड्यातली फुलवाली. पहाटेच्या गाडीनं तगर, जास्वंद, तुळस, दुर्वा घेऊन ही दादरला जाते आणि उरलेल्या वेळात तिथल्या घरांचे पूजेच्या फुलांचे रतीब घालते. बाजारात वागते तशीच ती देवळात उभी राहिली आणि विचारलं, ‘पोरी, तुझ्या भयणीच्या मनगटाला निळ्या मण्यांची जपमाळ गुंडाळलेली असते का?’

मुलीनं नुसती मान हलवली.

‘मग मी तिला ओळखते. पार्कासमोरच्या बिल्डिंगीत. रोज पुडी तीच घ्यायची. एकदा माझ्या गळ्यातला क्रूस बघून हसली होती. पण परवापासून दुसरीच दार उघडते.’

परवा म्हणजे नोव्हेनाचा चौथा दिवस. सगळ्या देवळानं तो हिशेब केला असेल किंवा नसेल, मास्तरांनी तिथल्या तिथं केला. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी चिठ्ठी पेटीत होती, मुलगी त्या घरात होती आणि तिचा पत्ता ठाऊक असलेली बाई रोज संध्याकाळी तिसऱ्या बाकावर बसत होती. तिघांच्या मध्ये फक्त एक पितळेचं ताट होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी फुलवाली, मास्तर, ती मुलगी आणि घरकामगार मुलींमध्ये काम करणाऱ्या एक सिस्टर अशी चौघं दादरला गेली. त्या घरानं हात वर केले, एजंट येऊन घेऊन गेला म्हणाले, पण एजंटाचा फोन नंबर दिला. पोलीस ठाण्यात तक्रार झाली. मुलगी अल्पवयीन असल्यामुळे प्रकरण बाल कल्याण समितीकडेही गेलं. सिस्टरांच्या ओळखी शहराशहरांत होत्या, त्या कामी आल्या. तरी सण होऊन गेला, राखेचा बुधवार गेला, उपवासकाळ अर्धा सरला, तेव्हा कुठे ती पुण्याच्या एका बंगल्यात सापडली. अंगानं वाळलेली, महिन्यांचा पगार बुडालेला. ‘किसी ने ढूंढा?’ हा तिचा पहिला प्रश्न होता, असं सिस्टर सांगतात. पगारातला काही भाग भांडून मिळाला, काही कधीच मिळाला नाही. तिला घरी जायचं होतं, सिस्टर तिला सिमडेग्यापर्यंत पोचवून आल्या. शोध लवकर सुरू झाला असता तर हे दोन महिने वाचले असते. ते तिला कोणी परत देऊ शकत नाही, आणि या गोष्टीचा शेवट गोड झाला असं मी म्हणणार नाही.

नोव्हेनाच्या आठव्या संध्याकाळी मास्तर मुलांपुढे उभे राहिले होते. १५९६ च्या डिसेंबरात झालेली अटक, क्योतोत चोवीस जणांच्या कानाचा कापलेला तुकडा, भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलेली ती धिंड, सगळं त्यांनी सांगितलं, पण आवाज नेहमीसारखा चढला नाही. एका ठिकाणी ते बराच वेळ थांबले. त्यांत थॉमस कोझाकी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता, बापाबरोबर चाललेला. वाटेत त्यानं आईला एक पत्र लिहिलं. पाच फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. पत्र नंतर सापडलं, बापाच्या अंगावर, रक्तानं भिजलेलं. इतकी वर्षं मास्तर हा भाग भराभर उरकत, कारण मुख्य पात्र गोन्सालो. त्या दिवशी ते मुलांना म्हणाले, ‘पत्र पोचवणारा माणूस हवा असतो रे,’ आणि गोष्ट तिथंच सोडून घरी गेले.

ईस्टरनंतर धर्मग्रामाची सभा भरली. पेटीचा विषय निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक जाणते गृहस्थ उठले. बोलले ते तळमळीनंच. ‘मास्तर, त्या पोरीचं झालं ते बरंच झालं. पण आज एक चिठ्ठी, उद्या एक गीत, परवा अख्खी मिस्सा. आपली मराठी आपल्याच देवळात पाहुणी होईल. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.’

मास्तर म्हणाले, ‘नोव्हेना मराठीतच राहील. त्यात मी तसूभर मागं हटणार नाही. पण मी एक खोटं बोलत होतो. संताला सगळ्या भाषा कळतात, असं म्हणून मी चिठ्ठ्या ताटात ठेवत होतो. त्याला सगळ्या कळतात तर मग मराठी तरी कशाला वाचून दाखवायच्या? त्याला काय, पेटी न उघडताही कळेल. आपण माइकवरून वाचतो ते एकमेकांसाठी. कोणाच्या घरात काय पेटलंय ते शेजारच्या बाकाला कळावं म्हणून. संताच्या नावावर मी शेजाऱ्याचे कान बंद करत होतो.’

सभा ऐकत होती. ‘माझ्या आईला लॅटिन कळत नव्हतं, हे मी आयुष्यभर सांगत आलो,’ ते पुढे म्हणाले. ‘पण तिचं सामवेदीतलं रडगाणं कोणी कधी त्या वेदीवरून वाचलं होतं का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. ज्याची चिठ्ठी, त्यानं आपल्या भाषेत वाचावी. त्यानंतर मी मराठीत सांगीन, पुरतं सांगीन. मराठी पाहुणी कशी होईल? उलट प्रत्येकाचं दुःख तिच्यातून जाईल. आणि ते ताट फादरांनी दुसऱ्या कामाला घ्यावं.’

वाद झाला नाही असं नाही, दोन सभा गेल्या. त्या वादात मराठीची काळजी करणारी माणसं वाईट नव्हती, हेही नोंदवून ठेवतो. शेवटी ठराव झाला. मास्तरांनी मात्र स्वतःपुरती एक गोष्ट ठरावाबाहेर केली. मराठी चिठ्ठ्या सरळ करणं आणि गाळणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं.

ते सगळ्यांत अवघड गेलं. पुढच्या वर्षी पहिल्याच संध्याकाळी एका तमिळ माणसाची चिठ्ठी आली. मास्तर त्याच्यासोबत अर्धा तास बसले, दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका नर्सबाईंना मध्ये घेऊन शब्द न् शब्द समजून घेतला. बायको दवाखान्यात, ऑपरेशन अवघड, रक्त लागणार. एवढंच असतं तर काही प्रश्न नव्हता. पण पुढे एक ओळ होती आणि ती वाचून नर्सबाई म्हणाल्या, ‘ही गाळा, मास्तर. सणाचे दिवस आहेत.’ ज्याची चिठ्ठी होती तोही म्हणाला, नका वाचू. मास्तरांनी त्याला विचारलं, ‘खरं आहे का ते?’ तो म्हणाला, आहे. ‘मग राहू दे?’ बऱ्याच वेळानं तो म्हणाला, ‘राहू दे.’

त्यानं आपल्या भाषेत वाचलं. मग मास्तरांनी सांगितलं. ‘माझ्या बायकोला वाचव. तिला रक्त मिळू दे. दोन वर्षं आम्ही या चर्चमध्ये येतो, इथं अजून कोणी आमचं नाव विचारलेलं नाही, म्हणून रक्त कोणाकडे मागायचं हे मला कळत नाही.’

शेवटचं वाक्य त्यांनी आवाज न बदलता, पहिल्या वाक्याइतकंच स्पष्ट उच्चारलं. पुढच्या दोन-तीन बाकांवरच्या माना खाली गेल्या. कोणाला ते लागलं, कोणाला आवडलं नाही. गायनवृंदानं प्रतिसादाचे पहिले शब्द उचलले, पण देवळाचा आवाज त्यात मिसळायला वेळ लागला. कारण उजव्या बाजूनं एक रिक्षावाला उठून त्या माणसाचं नाव विचारत होता आणि मागच्या बाकावरच्या दोघी जणी पिशवीतून पेन काढून दवाखान्याचा आणि वॉर्डाचा नंबर लिहून घेत होत्या.